पांढऱ्या पाटीवरची पावले

त्या बोर्डावर चित्र नव्हते. माझ्या गोंधळाची सुरुवात तिथूनच झाली. जाहिरात म्हटली की एखादा हसरा चेहरा, एखादी वस्तू, निदान मोठ्या अक्षरांतले नाव तरी असावे, एवढीच माझी त्या व्यवसायाची समज होती. बेंगळूरहून आलेल्या आराखड्यात मात्र एक प्रचंड पांढरी पाटी होती, आणि तिच्या माथ्यावर एकच प्रश्न: ‘किती उंच?’

मी तेव्हा चाळिशीला टेकले होते आणि आयुष्यातली पहिली नोकरी करत होते. नव्वदच्या दशकाच्या आरंभी धारवाडला तत्त्वज्ञान घेऊन एम. ए. झाले, चांगले गुण मिळाले, आणि त्याच वर्षी आई गेली. पुढे अप्पांना अर्धांगवायू झाला. दादा कचेरीत, वहिनी मुलांमागे. अप्पांच्या खोलीत थांबणे ओघानेच माझ्याकडे आले. मला त्याबद्दल तक्रार नव्हती. परंतु अप्पा गेल्यावर एके दिवशी आरशात पाहिले तेव्हा केसांच्या भांगात पांढरी रेघ दिसली, आणि या वयात माणसे नोकरीला सुरुवात करतात की नाही, हे कुणाला विचारावे ते कळेना.

वहिनी मनाने चांगली होती. तिचे म्हणणे असे, की मी घरीच चार मुलींच्या शिकवण्या घ्याव्यात. “कशाला त्या बसचे धक्के खायचे? पुढच्या खोलीत सतरंजी टाकली की झालं.” पुढची खोली म्हणजे अप्पांचीच खोली. तिथे पुन्हा दिवसभर बसणे मला का नको होते, हे मला तिला सांगता आले नाही.

म्हणून हुबळीला गोकुळ रोडवरच्या एका बोर्ड रंगवणाऱ्या वर्कशॉपमध्ये इंग्रजी वाचून कन्नड-मराठीत मजकूर लिहून देणारे माणूस हवे आहे असे समजले, तेव्हा मी घरात पूर्ण न सांगताच जाऊन आले. मालकांना सारे अण्णा म्हणत. त्यांच्या घराण्याचे दाजीबानपेठेत कापडाचे दुकान. भावांशी न पटल्यामुळे यांनी रंगाचे डबे हाती धरले होते. त्यांनी माझे प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिले आणि ते जपून परत दिले.

“तत्त्वज्ञान म्हणजे देवाधर्माचंच ना, बाई?”

“तसं थोडं... तसं नाही, पण...”

“असू दे. दसऱ्यापर्यंत येऊन बघा. तुम्हालाही कळेल, आम्हालाही कळेल.”

रोज सकाळी डबा घेऊन मी धारवाडहून बस धरू लागले. वाटेत रायापूरजवळ रस्त्याला लागून एक मोकळी जागा होती. कुठल्याशा बांधकामासाठी टाकलेले मातीचे ढिगारे तिथे वर्षानुवर्षे तसेच पडून होते, आणि त्यांवरून कॉलेजची मुले सायकली व मोटारसायकली उडवत. काहींच्या पायांत चाकांचे बूट असत. केबलवर परदेशी मुले चाके लावलेल्या फळीवर उभी राहून भिंती चढताना दाखवत. ते पाहून यांनी घरच्या पाटाला चाके ठोकलेली मी बसच्या खिडकीतून पाहिली आहेत. एखादा पडे, धूळ झटके, पुन्हा ढिगावर जाई. आपटण्याची जराही लाज नसलेली ती माणसे पाहून मला हेवा वाटे की भीती, हे मी कधी नक्की करू शकले नाही.

नेमकी ही मुलेच त्या बेंगळूरच्या बूट कंपनीला हवी होती. आता जाहिरात नुसती पाहायची नसते, तरुणांनी तिच्यात भाग घ्यायचा असतो, असे त्यांच्या कागदात लिहिले होते. पाटी खालून घसरगुंडीसारखी वाकलेली, वर जाता जाता सरळ उभी. पायथ्याशी लाल भुकटीचे पसरट तबक. मुलाने धावत यायचे, भुकटीत पाय देऊन पाटीवर चढेल तेवढे चढायचे. बुटाचा तळ जिथपर्यंत उमटेल ती त्याची उंची. रोज नव्या खुणा पडत राहतील आणि चित्र आपोआप तयार होईल.

आमच्याकडे पेंटर एकच, आणि त्यांना हे समजावणे माझ्याकडे आले. ते कन्नड बोलत आणि मला आदराने ‘अक्कार’, म्हणजे ताई, म्हणत. देवादिकांपासून ट्रॅक्टरपर्यंत सारे त्यांच्या हाताखालून गेलेले होते.

“म्हणजे मी नुसता पांढरा मारायचा?”

“हो.”

“आणि मग लोक येऊन तो घाण करणार?”

“घाण नाही... खुणा करणार.”

“बुटानं?”

“बुटानं.”

त्यांनी ब्रश खाली ठेवला. “अक्कार, रागावू नका. पण तुम्हाला इंग्रजी नक्की येतं ना?”

त्या क्षणी मलाही ते नक्की वाटेना. मी कागद पुन्हा वाचून काढला. अर्थ तोच निघाला.

अण्णांना अर्थाशी कर्तव्य नव्हते. प्लॅस्टिकवर छापलेल्या फ्लेक्सच्या पाट्यांनी हाताने रंगवण्याचा धंदा खाऊन टाकला होता, आणि हे काम सुतारकीचे, लोखंडाचे व रंगाचे असल्यामुळे छापखान्यात होण्यासारखे नव्हते. “हा बोर्ड त्यांच्या मनासारखा झाला तर धारवाडातला दुसरा बोर्डही आपल्याकडं येणार,” ते मला म्हणाले. “मग तुमची खुर्ची पक्की. नाही झाला तर मी परत नंबरप्लेटा रंगवणार. आणि नंबरप्लेटा रंगवायला एम. ए. कशाला लागतंय, सांगा?”

तेव्हापासून बसमधून ती जागा दिसली की मी मनातल्या मनात त्या मुलांना विनवू लागले. तुम्ही एवढे ढिगावर चढता, पाटीवरही चढाल ना?

पाटी खुली करण्याचा दिवस अण्णांनी दसऱ्याचाच धरला. बेंगळूरकरांना सुट्टीचा दिवस हवा होता, अण्णांना मुहूर्त हवा होता, दोघांचे जमले. आदल्या दिवशी खंडेनवमीला वर्कशॉपमधले ब्रश, करवती, वेल्डिंगचे यंत्र, सगळ्यांची पूजा झाली होती. त्यामुळे दसऱ्याच्या सकाळी नव्या पाटीपुढे हळदकुंकू, नारळ, झेंडूच्या माळा घेऊन अण्णा उभे राहिले, तेव्हा त्यात कुणालाच काही वावगे दिसले नाही. निरांजनाचे ताट मीच धरले होते. अण्णांनी पाटीच्या पायथ्याशी कुंकवाने स्वस्तिक काढले, नारळ फोडून पाणी शिंपडले, माथ्यावरून झेंडूची माळ सोडली, आणि हात जोडून म्हणाले, “मान ठेव रे बाबा.” पेंटरांनी पाटीला डोके टेकवले. मीही टेकवले.

मुले हळूहळू जमू लागली. त्यांच्याही गाड्यांना माळा होत्या. पत्रके आम्ही कॉलेजांतून वाटलीच होती. पहिला मुलगा आला तो चांगला उंच, हातात हेल्मेट. तो पाटीसमोर थांबला. त्याने माळ पाहिली, स्वस्तिक पाहिले, उदबत्ती पाहिली. मग पायातले बूट काढून पुढे झाला, तबकातली लाल भुकटी चिमटीत घेतली आणि कपाळाला लावली. पाटीला हात लावून तो हात छातीला नेला, आणि बूट घालून बाजूला झाला.

मला वाटले, आता चढेल. तो मित्रांशी गप्पा मारू लागला.

दुसऱ्यानेही तेच केले. तिसऱ्याने मोटारसायकल पुढे आणली आणि तिच्या दिव्याला भुकटीचे बोट लावले. रस्त्यापलीकडे चहाची टपरी चालवणाऱ्या मावशी पदर डोक्यावरून घेऊन आल्या, तबकात एक नाणे ठेवून गेल्या. त्यांच्यानंतर नाणी पडतच राहिली. येणारीजाणारी माणसे सायकली थांबवून नमस्कार करू लागली. एका बाईंनी तान्ह्या बाळाला पाटीच्या पायाशी घातले. पाटी मात्र सकाळी होती तशीच पांढरीशुभ्र, आणि समोर लाल कपाळांची गर्दी वाढत चाललेली.

“गर्दी चांगली आहे,” अण्णा हळूच म्हणाले.

“हो, पण चढत कुणीच नाही.”

“चढतील की. आधी दर्शन होऊ दे.”

आणि मग ते स्वतःच्याच शब्दाला थबकले. आम्ही दोघांनी एकाच वेळी पाटीकडे पाहिले. ज्याला नारळ फोडला, त्यावर बूट घालून कोण चढणार? हा प्रश्न इतक्या दिवसांत आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता. पूजा करताना आम्हाला पाटी दिसत होती, आणि आराखडा वाचताना बूट. दोन्ही एकाच जागी येणार आहेत, हे कसे सुचले नाही, याचे मला आजही नवल वाटते.

तेवढ्यात बेंगळूरचा अधिकारी गाडीतून उतरला. पंचविशीतला तरुण, मागे बांधलेले केस, गळ्यात कॅमेरा, पायांत कंपनीचेच बूट. तो गर्दी पाहून आधी हसला, मग पाटी पाहून थांबला. त्याच्या तिकडच्या कन्नडमध्ये त्याने विचारले, “हे काय आहे? देऊळ बांधलंय का?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. इंग्रजी बोलणारी मी. मी ‘सर, दसरा...’ म्हणून सुरुवात केली, तोवर तो मुलांकडे वळला होता.

“चढून दाखवलं नाही का कुणाला?” तो म्हणाला. “मीच दाखवतो.” आणि तो पाटीच्या दिशेने निघाला. 

गर्दीतून एकच आवाज उठला. टपरीच्या मावशींनी त्याचा दंड धरला. “ए तम्मा! आई-बाप नाहीत का तुला? पूजा झालीय, बूट घेऊन कुठं निघालास?”

“मावशी, ही जाहिरात आहे. बुटांची जाहिरात आहे!”

“असंल. म्हणून काय लाथा घालतोस?”

मुले हसली, पण कुणी त्याच्या बाजूने पुढे आले नाही. तो कानकोंडा होऊन मागे सरला. मग बाजूला येऊन आम्हाला म्हणाला, “मला संध्याकाळी फोटो पाठवायचे आहेत. पाटीवर एकही खूण नसेल, तर वर मी काय सांगू?”

मला एक सुचले, आणि सुचले ते मी धीर करून अण्णांच्या कानाशी बोलले. “उत्तरपूजा केली तर? अक्षता टाकून पाटी जरा हलवायची. गणपतीची करतो तशी. मग ती नुसती पाटी होईल.”

अण्णांचा चेहरा उतरला. “आज? दसऱ्याला उभं केलं आणि दसऱ्यालाच विसर्जन? बाई, धंदा आहे माझा.”

तेही खरेच होते. पेंटर जमिनीकडे पाहत उभे होते. अधिकारी घड्याळाकडे पाहत होता. मला मात्र पुढची खोली दिसत होती. सतरंजी, समोर चार मुली, आणि ज्या भिंतीकडे पाहत मी तेवढी वर्षे काढली ती भिंत. 

पुढे जे झाले ते मी विचार करून केले, असे म्हणवत नाही. मला तबकातली लाल भुकटी दिसली, त्यापुढे पांढरा उतार दिसला, आणि आमच्या घरच्या गौरी आठवल्या. लहानपणी गौर आणण्याचा मान माझा असे. मागच्या दारापासून देवघरापर्यंत आई रांगोळीने पावले काढी, त्यांवर कुंकू टाकी, आणि मी गौर हातात घेऊन त्या पावलांवरून चालत येई. तिथे पायाने काही विटाळत नव्हते. पावलांशिवाय गौर घरात येतच नसे.

मी चपला काढल्या. बाजूला नीट जोडून ठेवल्या, हेही आठवते. निऱ्या एका हाताने उचलल्या, तबकातली नाणी बोटाने सारून भुकटीत पाय टेकवले, पाटीला नमस्कार केला आणि उतारावर पाय ठेवला.

मागच्या रस्त्यावरून एक बस गेली. कदाचित तिच्या खिडकीत कुणी ओळखीचे असेल, असाही विचार मनात येऊन गेला. डावे पाऊल, उजवे, पुन्हा डावे. मग पाटी एकदम उभी झाली, माझा पाय सटकला, आणि मी लाल रेघ ओढत सरळ खाली येऊन बसले. 

कुणीतरी फिस्‌ करून हसले. पेंटरांनी धावत येऊन हात दिला. “लागलं का, अक्कार?”

“नाही,” मी म्हणाले. लागले होते.

पाटीवर माझी पावले उमटली होती, बोटांसकट, आणि त्यांच्याखाली एक लांबलचक फराटा. मावशी पुढे झाल्या. त्यांनी ती पावले वाकून पाहिली. मला वाटले, आता मला ऐकावे लागणार. त्या वळून मुलांना म्हणाल्या, “बघताय काय? लक्ष्मी चढावी तशी चढली बाई. तुम्ही नुसते मिशीला पीळ देत बसा!”

“लक्ष्मी घसरली की पण,” मागून एक आवाज आला.

“तू चढून दाखव मग!”

“अक्का, एवढंच?” तोच हेल्मेटवाला उंच मुलगा मला विचारत होता. विचारता विचारता तो एका पायावर उभा राहून बुटाची नाडी सोडत होता.

तो अनवाणी धावत आला आणि माझ्या फराट्याच्या कितीतरी वर त्याचा पंजा उमटला. त्यानंतर रांग आवरेना. पाटीच्या बाजूला चपला, सँडल, कॅनव्हासचे बूट, चाकांचे बूट यांचा ढीग वाढत गेला. देवळाबाहेर असतो अगदी तसा. अनवाणी पाय उलट अधिक घट्ट चिकटतात, असा शोध मुलांना लागला. कुणी लांबून धावत येऊन उडी घेई, कुणी मित्राच्या खांद्यावरून. चढण्याआधी प्रत्येक जण पाटीला हात लावून छातीला नेई आणि मग तिच्यावर तुटून पडे. दोन्हीत त्यांना काही विसंगत वाटत नव्हते. मला अजून वाटते, पण मला ते सांगता येत नाही.

अधिकारी फोटो काढत होता. थोड्या वेळाने तो माझ्याजवळ आला. “मॅडम, हे सुंदर आहे,” तो इंग्रजीत म्हणाला. “पण यात बूट कुठे आहे?”

मी चपलांच्या ढिगाकडे बोट दाखवले. त्याने ढिगाचाही एक फोटो काढला. त्यात त्यांच्या कंपनीचा एक तरी जोड होता की नाही, मला माहीत नाही. 

संध्याकाळी गर्दी ओसरली तेव्हा अण्णांनी बन्नीची, म्हणजे शमीची, पाने काढली. आमच्याकडे दसऱ्याला सोने म्हणून तीच देतात. त्यांनी पेंटरांना दिली, मावशींना दिली, मला दिली. “बन्नी घ्या, बाई, सोन्यासारख्या राहा,” एवढेच म्हणाले. खुर्चीबद्दल काही बोलले नाहीत. घरी पोचल्यावर वहिनीने माझे लाल तळवे पाहिले. “हे काय?” मी म्हणाले, “कामाचं.” तिने गरम पाणी काढून दिले.

त्यानंतरच्या आठवड्यात बेंगळूरहून फोन आला. वर्कशॉपमधले बेंगळूरचे फोन मीच घेत असे, म्हणून तो मीच घेतला. पलीकडचा आवाज सभ्य होता. फोटो सर्वांना आवडले होते. परंतु बुटांच्या जाहिरातीत सर्व माणसे अनवाणी आहेत, हे वरिष्ठांना समजावणे अवघड गेले. हुबळी-धारवाडचा कार्यक्रम इथेच थांबवावा असे ठरले होते. धारवाडला दुसरा बोर्ड होणार नव्हता. रायापूरचाही उतरवून घ्यावा.

फोन ठेवला आणि लक्षात आले की हा निरोप कन्नड किंवा मराठी करून अण्णांना सांगणे हेच माझे काम आहे. मी तो शब्दशः सांगितला, एकही शब्द मऊ न करता. आपल्या विरुद्ध जाणारी गोष्ट मी इतकी नीट पूर्वी कधी बोलले नव्हते.

“बरं,” अण्णा म्हणाले आणि एका नंबरप्लेटवर फुंकर घालत राहिले. 

अट त्यांचीच होती, आणि ती स्पष्ट होती. दुसऱ्या दिवशी मी डबा न घेता निघाले. माझे दोन शब्दकोश टेबलावर राहिले होते, ते आणायचे, अण्णांचा निरोप घ्यायचा, आणि परतायचे. रायापूरला खिडकीतून पाहिले तर पाटीच्या जागी नुसते लोखंडी पाय उभे होते. मुले मातीच्या ढिगावर परतली होती.

वर्कशॉपमध्ये ठोकाठोक चालली होती. पाटीचे तुकडे टेम्पोतून आले होते, आणि वळणाचा भाग कापून टाकून उरलेल्या सरळ प्लायवूडचा पेंटर कोपऱ्यात आडोसा उभा करत होते. आत माझे टेबल ढकलले होते.

“रंगाच्या वासानं तुम्ही खोकता,” अण्णा म्हणाले. “म्हणून म्हटलं, पार्टिशन घालू. पण पेंटर पावलांवर रंग मारायला तयार नाही. बाहेरच्या बाजूला ठेवलं तर गिऱ्हाईक विचारत बसणार. आता पावलं आतच राहतील. तुमच्याकडं तोंड करून. चालेल ना?”

मी आत जाऊन पाहिले. वरच्या भागात उंच मुलांचे पंजे, एकावर एक. माझी पावले वळणावर होती, म्हणजे कापून टाकलेल्या तुकड्यावर. ती कुठे गेली असतील ते विचारणे मला जमले नाही. शब्दकोश टेबलावर होते तसेच होते. दुसरा बोर्ड आला नव्हता, अट पूर्ण झाली नव्हती, आणि तरी हा आडोसा होता. या तीन गोष्टी एकमेकींना कशा जुळतात, हे मी उभ्या उभ्या बराच वेळ जुळवून पाहिले.

शेवटी बाहेर येऊन मी विचारले, “अण्णा, उद्या किती वाजता येऊ?”

त्यांनी ब्रशवरून मान वर केली. “रोज येता तेव्हाच की,” ते म्हणाले. “उद्या काय वेगळं आहे?”